धुराचं पाणी

तुइबुर हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडायची शक्यता तशी कमीच. मिझो भाषेत 'तुइ' म्हणजे पाणी. तुइबुर म्हणजे तंबाखूच्या धुराचं पाणी. तंबाखू जाळायची, तिचा धूर पाण्यातून सोडायचा, पाण्याला धुराचा रंग नि वास चढेपर्यंत हेच करत राहायचं आणि मग ते पाणी बाटलीत भरून ठेवायचं. तलफ आली की एक लहान घोट तोंडात घ्यायचा. गिळायचा नाही. काही मिनिटं गालात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. बस्स! ना काडीपेटी, ना राख, ना चुना.

तंबाखू ओढणारे, खाणारे, हुंगणारे आणि दाताला लावणारे लोक आपल्याला ठाऊक असतात. पण धूर पाण्यात कोंडून त्याची चूळ भरायची, ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दोन मिनिटं थांबून विचार करत बसलो. तसं शेजारच्या मणिपुरातही असं पाणी आहे, तिथे त्याला हिदाकफू म्हणतात. पण मिझोंच्या घरात त्याला जी जागा आहे ती वेगळीच.

ही जागा बरीच जुनी आहे. लुशाई टेकड्यांत अधिकारी म्हणून राहिलेल्या जे. शेक्सपिअर यांनी (नाटककार नव्हेत हो!) १९१२ साली तिथल्या जमातींवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात या पाण्याचा उल्लेख येतो. बायकांची चिलीम पाण्याची असायची. त्या दिवसभर ती ओढायच्या आणि खाली साठलेलं निकोटिनचं पाणी जपून भोपळ्याच्या लहानशा कुपीत भरून ठेवायच्या. हे पाणी स्वतःसाठी असायचंच, पण मुख्यतः दुसऱ्याला द्यायला. घरी आलेल्याला, वाटेत भेटलेल्याला 'घ्या थोडं' म्हणून कुपी पुढे करायची. संध्याकाळी तरुण मुलं मुलींच्या घरी गप्पा मारायला जात, आईवडिलांच्या देखत चुलीपाशी बसत. तिथे मुलगी आपल्या हाताने मेइझिअल, म्हणजे गावठी तंबाखूची सिगारेट, वळून देई. कुणाला किती मन लावून वळून दिली यावरून कुणाचं कुठे जुळतंय हे बाकीच्यांना कळत असणार. पुढे चर्च आलं, झॉलबुक म्हणजे गावातल्या अविवाहित तरुणांची एकत्र राहायची घरं गेली, शाळा आल्या, पोशाख बदलला. तंबाखू मात्र राहिली.

हे आधी सांगितलं, कारण पुढचे आकडे नुसते वाचले तर 'काय हे व्यसनी लोक' एवढंच मनात येतं. आणि तसं वाटणं मला अन्यायाचं वाटतं.

तर आकडे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मिझोराममधले सुमारे ७३ टक्के पुरुष आणि ६२ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. देशात सगळ्यांत जास्त. महाराष्ट्रात हेच आकडे साधारण ३४ आणि ११ आहेत. आता दुसरा आकडा. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल २०१२ ते २०१६ या वर्षांच्या नोंदींवर आधारलेला आहे. वयोमानाचा फरक काढून टाकून केलेल्या हिशोबात पुरुषांमधल्या कॅन्सरचं देशातलं सर्वांत जास्त प्रमाण ऐझॉल जिल्ह्यात निघालं, दर लाखामागे २६९.४. आणि सगळ्यांत कमी कुठे? आपल्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीड जिल्ह्यांत, ३९.५. एकाच देशात, एकाच अहवालात, जवळजवळ सातपट फरक! ऐझॉलच्या पुरुषांमध्ये पहिला नंबर पोटाच्या कॅन्सरचा आहे. अख्ख्या राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जेमतेम अकरा लाख. इतक्या लहान समाजात एवढं प्रमाण म्हणजे प्रत्येक घराने जवळचा कुणीतरी गमावलेला असणार, हे सांगायला वेगळं सर्वेक्षण नको.

आता या गोष्टीत एक दुसरं पात्र येतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी. नाव मोठं, जीव एवढासा. मळसूत्रासारखा पिळदार जंतू. पोटातल्या ॲसिडमध्ये काहीही जगू शकत नाही अशी डॉक्टरांची पिढ्यान् पिढ्या खात्री होती. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू पोटाच्या अस्तरातून वाढवून दाखवला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलसाहेबांनी चक्क जंतूंचं कालवण स्वतः पिऊन टाकलं, आजारी पडले आणि आपलं म्हणणं सिद्ध केलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, त्याने आपल्याभोवतीचं ॲसिड मारतो आणि पोटाच्या आतल्या चिकट थरात घर करतो. उपाय केला नाही तर जन्मभर तिथेच राहतो. त्यातून जुनाट सूज येते, अल्सर होतात आणि थोड्या लोकांत, बऱ्याच वर्षांनी, कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे.

म्हणजे उत्तर सापडलं? मिझोंच्या पोटात जंतू, म्हणून कॅन्सर? इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. पण हा जंतू काही मिझोरामची मक्तेदारी नाही. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात तो असतो. म्हणजे हे वाचणाऱ्या दर दोघांमागे एकाच्या पोटात तो आत्ताही असू शकतो. (घाबरू नका. बहुतेकांना तो जन्मभर त्रास देत नाही.) आणि तरीही भारतात एकंदर पोटाचा कॅन्सर जपान-कोरियाच्या मानाने कमी आहे. तज्ज्ञ याला कोडंच म्हणतात. बीडमध्येही जंतू आहे, ऐझॉलमध्येही आहे. तंबाखूही दोन्हीकडे आहे, कमी-जास्त. म्हणजे एकट्या जंतूवर खापर फोडून भागत नाही, आणि एकट्या तंबाखूवरही.

मला जे उमगलं ते असं. जंतू बहुतेक वेळा बालपणीच शरीरात शिरतो, घरातल्या घरात, आईकडून, भावंडांकडून, दाटीवाटीने राहताना. तंबाखू येते नंतर, तरुणपणी. म्हणजे पहिला पाहुणा आधीच कोचावर पाय पसरून बसलेला असतो आणि दुसरा दार वाजवतो. तंबाखूच्या धुरामुळे पोटाच्या अस्तराचा रक्तपुरवठा आणि त्याचं संरक्षण करणारा स्राव कमी होतो. ज्या भिंतीला जंतूने आतून पोखरलंय, तिचा गिलावाही उतरतो. त्यात तंबाखूतली कॅन्सरजनक द्रव्यं लाळेबरोबर खाली जातात. तुइबुर थुंकून टाकतात हे खरं, पण तोंडात घोळवलेल्या पाण्याचा अंश काही प्रमाणात पोटात जाणारच. शिवाय ओढणाऱ्यांमध्ये या जंतूवरची औषधं कमी लागू पडतात, हे जगभरच्या अनुभवातून दिसलेलं आहे. म्हणजे पाहुणे नुसते एकत्र राहत नाहीत, एकमेकांना सांभाळूनही घेतात!

मिझोराममध्येच झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पोटाचा कॅन्सर झालेले रुग्ण आणि तो नसलेले त्यांच्या जोडीचे लोक यांच्या सवयींची तुलना केली. मेइझिअल ओढणाऱ्यांमध्ये धोका साधारण दुप्पट दिसला, आणि तुइबुर घेणाऱ्यांमध्येही साधारण दुप्पट. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण पुरतं सिद्ध होत नाही, हे मान्य. चुलीवर टांगून धुरावलेलं खारवलेलं मांस आणि मासे, सा-उम नावाची डुकराच्या चरबीची आंबवलेली चीज, यांच्याकडेही त्याच संशोधकांनी पुढे बोट दाखवलं. म्हणजे आरोपींच्या पिंजऱ्यात गर्दी आहे. पण त्यातला जो आरोपी आज, आत्ता, कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय आणि एक पैसाही खर्च न करता बाहेर काढता येतो, तो तंबाखूच.

इथे मला माझं मत सांगायचंय. या विषयावर बोलताना लोक तीन वाटांनी सटकतात आणि तिन्ही वाटा मला चुकीच्या वाटतात.

पहिली वाट, 'परंपरा आहे हो त्यांची'. हे म्हणणारे बहुतेक बाहेरचे असतात. आपल्याला दुसऱ्यांच्या परंपरा फार आवडतात, विशेषतः फोटोत. पण कुठली परंपरा? आजीच्या चिलमीखाली थेंबथेंब साठणारं पाणी ही परंपरा होती. आज तुइबुर छोट्या कारखान्यांत पत्र्याच्या पिंपात तंबाखू जाळून बनतं आणि ऐझॉलच्या बाजारात बाटल्यांतून विकलं जातं. आजीच्या कुपीत जेवढं मावायचं तेवढंच मिळायचं. कारखान्याला अशी मर्यादा नाही. धंदा झालेल्या वस्तूला परंपरेचं पांघरूण द्यायचं काहीच कारण नाही.

आणि गंमत बघा. २००३ च्या तंबाखू कायद्याच्या शेवटी एक यादी आहे, कायद्याच्या दृष्टीने तंबाखूचे पदार्थ कोणते याची. सिगारेट, सिगार, चिरूट, विडी, हुक्क्याची तंबाखू, खायची तंबाखू, तपकीर, तंबाखूचा पानमसाला, गुटखा. आणि दहाव्या क्रमांकावर तंबाखू असलेली दात घासायची पूड. म्हणजे आपली मिश्री! कित्येक मराठी घरांतल्या आज्या सकाळी तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड हिरड्यांना लावायच्या, ती कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही. धुराच्या पाण्याचं नाव मात्र त्या यादीत नाही. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याने व्यापलेली असते. ज्या वस्तूचं नावच यादीत नाही तिच्या बाटलीवर इशारा छापायला कोण कुणाला भाग पाडणार? एका लहानशा समाजाची सवय दिल्लीत बसून यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात दुष्टपणा नसेल, पण किंमत त्या समाजानेच मोजायची.

दुसरी वाट, 'अडाणीपणा, दुसरं काय!' ही तर सरळ खोटी आहे. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची साक्षरता ९१ टक्क्यांच्या वर होती, राज्यांमध्ये केरळच्या खालोखाल. वर्तमानपत्रं घरोघर वाचणारा, रविवारी न चुकता चर्चमध्ये जमणारा, संघटित समाज. दारूच्या बाबतीत तर त्यांनी १९९५ मध्ये संपूर्ण बंदीचा कायदा केला, मधे काही वर्षं तो सैल केला आणि २०१९ मध्ये पुन्हा आणला. बंदीने काय साधतं यावर वाद घाला, पण हा समाज एखाद्या गोष्टीविरुद्ध उभा राहू शकतो हे तरी त्यातून दिसतंच. मग तंबाखूविरुद्ध तसा का नाही उभा राहिला? मला वाटतं, दारू ही त्यांच्या लेखी पाप होती आणि तंबाखू हे अगत्य होतं. पापाविरुद्ध मोर्चा काढता येतो. अगत्याविरुद्ध कसा काढणार? समोरच्याने प्रेमाने पुढे केलेली बाटली नाकारणं म्हणजे त्या माणसालाच नाकारणं. 'कॅन्सर होतो' हे वाक्य इथे अपुरं पडतं, कारण ते एकट्या माणसाशी बोलतं. आणि सवय एकट्या माणसाची नाहीच. ती दोघांच्या मधली आहे.

तिसरी वाट नवी आहे आणि शिकल्यासवरल्यांची आहे. 'जंतू आहे ना? मग दोन आठवडे गोळ्या द्या आणि मोकळे व्हा.' या वाटेत तथ्य आहे, म्हणूनच ती जास्त फसवी. तैवानच्या मात्सू बेटांवर हा जंतू खूप होता आणि पोटाचा कॅन्सरही. तिथे २००४ पासून सगळ्या लोकवस्तीची तपासणी करून औषधं दिली, पुन्हा पुन्हा, चिकाटीने. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशोबात पोटाच्या कॅन्सरचं प्रमाण निम्म्याने घटलेलं दिसलं. जपानने २०१३ मध्ये जंतूमुळे आलेल्या साध्या सुजेवरचा उपचारही सरकारी विम्यात आणला. मिझोरामसारख्या अकरा लाखांच्या राज्यात असं काही करता येणं अशक्य नाही, आणि करायला हवं असंही माझं ठाम मत आहे. पण गोळ्यांनी जंतू जातो, गिलावा उडवणारा दुसरा पाहुणा जात नाही. शिवाय घरात मेइझिअल चालूच असेल तर त्या गोळ्याही नीट लागू पडणार नाहीत. 'जंतूवर औषध घेतलंय, आता काळजी नाही' असं म्हणत बाटली पुढे सरकत राहिली, तर औषधाने नवीन सबब तेवढी दिली असं होईल.

मग करायचं काय? इथून शहाणपण शिकवणं सोपं आहे, म्हणून ते मी टाळतो. पण एक गोष्ट मनात येते. आपल्याकडे एके काळी लग्नसमारंभात पान-सुपारीच्या तबकात सिगारेटीही ठेवायची पद्धत होती. अनेक घरांत तो मानपानाचा भाग होता, पाहुण्यांपुढे तबक फिरवलं नाही तर बोल लागायचा. ती तबकं कधी गेली कुणाला आठवतंय? कुणी उपोषणं केली नाहीत. तबक राहिलं, सुपारी राहिली, बडीशेप राहिली, सिगारेटी तेवढ्या गेल्या. आणि पाहुणचार कमी झाला अशी तक्रार कुणीही केली नाही. अगत्यातली वस्तू बदलता येते, अगत्य तसंच राहतं, याचा हा आपल्याच घरातला दाखला आहे.

मिझोंच्या घरात चहा आहेच. त्याला ते थिंगपुइ म्हणतात आणि आल्यागेल्याला तो मिळतोच. बाटलीची जागा घ्यायला काहीतरी आधीपासून हजर आहे, हे काही कमी नाही. आणि याहून मोठी गोष्ट त्यांच्याकडे आहे. त्यांच्या भाषेत त्लॉमङाइना असा एक शब्द आहे. स्वतःच्या आधी दुसऱ्याचा विचार करणं, कुणाच्या मदतीला न बोलावता धावणं, स्वतःच्या त्रासाचा बभ्रा न करणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. गावात कुणी गेलं की रात्रभर त्या घरी बसायला आणि कबर खणायला तरुण मुलं आपणहून येतात. १९३५ साली स्थापन झालेली यंग मिझो असोसिएशन याच भावनेवर उभी आहे आणि तिच्या शाखा गावोगाव आहेत. दुसऱ्यासाठी इतकं करणाऱ्या समाजाला, 'समोरच्याच्या जिवाला अपाय होईल ते त्याला देऊ नका' हे पटवणं मला तरी अशक्य वाटत नाही. 'तुमच्या तब्येतीसाठी सोडा' हे आवाहन तिथे कदाचित फिकं पडेल, कारण स्वतःच्या तब्येतीची फिकीर करत बसणं हे त्या संस्कारात फारसं बसतच नाही. 'त्याच्यासाठी पुढे करू नका' हे मात्र त्यांच्याच शब्दांत बसतं. फरक लहान आहे, पण सगळं त्यातच आहे असं मला वाटतं.

अर्थात हे त्यांनीच त्यांच्या भाषेत म्हणायला हवं. मिझोराममधले डॉक्टर, संशोधक आणि चर्चमधली माणसं या विषयावर बोलत आहेतच. आपण दूर बसून दोनच गोष्टी करू शकतो. एक म्हणजे, त्या कायद्याच्या यादीत धुराच्या पाण्याचं नाव अकरावं म्हणून लिहिलं जावं यासाठी बोलणं, कारण तो कायदा सगळ्या देशाचा आहे आणि आपल्या मिश्रीला त्यात जागा मिळाली तशी तुइबुरलाही मिळायला हवी. आणि दुसरं आपल्या घरातलं. आपल्या नात्यागोत्यात अजूनही कुणीतरी जेवण झालं की तळहातावर तंबाखू मळतं आणि शेजारच्यापुढे हात करतं, 'घे चिमूटभर' म्हणून. तो हात प्रेमाचाच असतो. तो बाजूला सारताना माणूस बाजूला सारल्यासारखं होऊ नये, एवढं ज्याला जमलं त्याने ऐझॉलचा निम्मा प्रश्न सोडवला असं समजायला हरकत नाही.